खोडातला दोरा

बोटाला काहीतरी लागलं. डाव्या अंगाची पानं पिवळी का पडतायत ते बघायला मी खालचा पाला बाजूला केला होता, आणि खोडावरून वर सरकणारं बोट एका खाचेत अडकलं. खाच आडवी होती, सरळ, खोडाभोवती गोल फिरलेली. झाडाला अशा सरळ रेघा काढता येत नाहीत, त्या माणूसच काढतो. उभा जन्म कौन्सिलचे पूल तपासण्यात घालवल्यावर एवढं तरी कळायला हवं. मी चष्मा कपाळावरून खाली ओढला, ती गुडघ्याखाली घ्यायची हिरवी गादी सरकवली (तनूने वाढदिवसाला दिलेली; मुलं एका वयानंतर आपल्याला गुडघ्यांच्याच वस्तू देतात) आणि वाकून बघितलं. वर यंदाच्या जूनमधलं सूत होतं, पावसाने काळपट झालेलं, सैल पडलेलं. ते जरा वर सरकवलं तर त्याच्या खाली, थेट सालीत, दुसराच दोरा रुतलेला. एकाखाली एक असे बरेच वेढे. साल फुगून त्यांच्यावर चढली होती, पोट सुटलेल्या माणसाच्या पट्ट्यावर पोट चढतं तशी. काही ठिकाणी दोरा दिसतही नव्हता, नुसती मिटलेली साल. नखाने एक टोक उकरलं. पांढरा, गुळगुळीत, सिंथेटिक. त्याला कशाने काही झालेलं नव्हतं. आणि तो दोरा मी ओळखला.

पण आधी झाडाचं सांगतो, कारण माझं निम्मं सुख त्या झाडात आहे आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. झाड बे ट्रीचं. नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनमधलं हे घर घेतलं त्या वर्षी गार्डन सेंटरमधून कुंडीत आणलं होतं, तेव्हा ते तनूच्या कमरेएवढं होतं आणि तनू शाळेतसुद्धा जात नव्हती. माझ्या बायकोने, वैजयंतीने, पहिल्याच दिवशी पान तोडलं, चुरगाळलं, हुंगलं आणि निकाल दिला, "हे तमालपत्र नव्हे." मी म्हटलं, अगं, लेबलवर लिहिलंय, बे लीफ. तर तिने पान माझ्या नाकासमोर धरलं. "आपल्या तमालपत्राला तीन शिरा असतात, देठापासून टोकापर्यंत. याला एकच आहे." खरं होतं ते. तेव्हापासून आमच्याकडे असं चालतं की दाराशी हे एवढं झाड पानांनी लगडलेलं आहे आणि बाई लेस्टरला गेल्या की इंडियन शॉपमधून तमालपत्राचं पाकीट घेऊन येतात. बेची पानं पुलावाला चालतात, आमटीला चालतात, तनूच्या पास्त्याला चालतात. गोड्या मसाल्याला नाही. गोड्या मसाल्याच्या बाबतीत ही बाई सासूचंही ऐकत नसे, तिथे माझं काय.

पहिली वर्षं झाड कुंडीतच होतं. नोव्हेंबर आला की मी ते पोर्चमध्ये ओढत आणायचो आणि मार्च सरला की परत बाहेर. मग एकदा पाठीत उसण भरली तेव्हा ठरवलं, आता हे जमिनीत. दक्षिणेकडच्या विटांच्या भिंतीशी जागा बघितली, कारण भिंत दिवसभर ऊन पिते आणि ते सावकाश सोडते. खड्ड्यात खडी घातली. बेला पाय ओले चालत नाहीत. पाणी कमी पडलं तर ते रुसतं, पण जास्त झालं तर सरळ मरतं. कडाक्याची थंडी पडणार असं कळलं की मी त्याला पांढरं फ्लीस गुंडाळतो, वैजयंती त्याला कुंची म्हणते. "घातली का बाळाला कुंची?" असं स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारते. उन्हाळ्यात छाटणी. लोक मोठी कात्री घेऊन सपासप कापतात, मग अर्धी कापलेली पानं कडेने तपकिरी पडतात आणि झाड महिनाभर आजारी दिसतं. मी सेकेटर, म्हणजे छाटणीची छोटी कात्री, घेऊन एकेक फांदी, पानाच्या वर, तिरकी कापतो. दोन सकाळी जातात त्यात. एका वर्षी पानांच्या पाठीला खवले किडे चिकटले तेव्हा मी साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून अख्खं झाड पुसून काढलं होतं, एकेक पान. वैजयंती दारात उभी राहून म्हणाली होती, "मला ताप आला तर माझं कपाळ तरी एवढं पुसलंत का कधी?" मी पुढचं पान घेतलं.

रिटायर झाल्यापासून सकाळी चहा घेऊन मी झाडासमोर कॅनव्हासच्या खुर्चीत बसतो. कोपऱ्यावरून ट्राम वळते तिची घंटा ऐकू येते, ट्राममधली माणसं कामाला चाललेली असतात आणि मी नसतो. याच्यापेक्षा जास्त काही माणसाने मागू नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पिवळी पानं पहिल्यांदा दिसली तीही या खुर्चीतूनच. ऑगस्टमध्ये थोडी पिवळी पडतातच, जुनी गळतात, नवी येतात. पण या वेळी ती एकाच अंगाला होती आणि कोवळीसुद्धा होती. पाणी बघितलं, माती उकरून बघितली, पानांच्या पाठी बघितल्या. कुठेच काही नाही. म्हणून शेवटी खोड.

सूत का, हे सांगायला हवं. आम्ही नॉटिंगहॅमला आलो तेव्हा वैजयंती सव्वीस-सत्तावीस वर्षांची होती आणि वटपौर्णिमा कशी करायची हा तिच्यापुढे प्रश्न होता, कारण या बेटावर वड नाही. पहिल्या वर्षी ती आणि तिची मैत्रीण मधुमती साड्या नेसून पार्कात गेल्या आणि एका भल्यामोठ्या ओकला फेरे मारून सूत गुंडाळायला लागल्या. कुत्र्याला फिरवणारा एक म्हातारा थांबला. कौन्सिल हे झाड तोडणार आहे का, त्याने विचारलं. असेल तर त्याचाही विरोध आहे आणि तो कुठेही सही करायला तयार आहे. मधुमतीने त्याच्या हातावर आंब्याची फोड ठेवली. दोघी घरी येऊन हसून हसून लोळल्या, पण पुढच्या वर्षी पुन्हा पार्कात जायचा धीर काही झाला नाही. मग बे आला आणि वडाचं काम त्याच्याकडे गेलं. "झाडाला काय करायचंय, भाव महत्त्वाचा," वैजयंती म्हणाली. जे झाड गोड्या मसाल्याला चालत नाही ते सात जन्मांना चालतं, याबद्दल मी दर वर्षी बोलतो. दर जूनला ती हळदकुंकू, उदबत्ती आणि आंबा घेऊन बाहेर येते, मी चहाचा कप घेऊन खुर्चीत बसलेला असतो आणि विचारतो, "हा कितवा चालू आहे, काही नोंद?" ती फेरे मोजत असते म्हणून उत्तर देत नाही. एकदाच म्हणाली होती, "सातवाच असणार. त्याशिवाय एवढं का सहन केलं असतं." मला या गोष्टींवर विश्वास नाही, कधीच नव्हता. पूल सुताने उभे राहत नाहीत.

ते सूत कापसाचं असतं, पुण्याहून कुणी ना कुणी आणतं. आणि गुंडाळलं की ते काढायचं नसतं. आपलं आपण गळून पडू द्यायचं. तिकडे वडाला वर्षानुवर्षांची सुतं असतात, त्याचा एवढा मोठा बुंधा, त्याला काय फरक पडतो. इकडे बारीक खोड, पण इकडे पाऊसही इंग्लंडचा. दिवाळीपर्यंत सुताची नुसती राखाडी पिंजण उरते आणि फेब्रुवारीत तीही नसते. म्हणूनच मी कधी लक्ष दिलं नव्हतं. खालच्या पाल्याआड सूत आहे हे मला माहीत असायचं, ते जाईल हेही माहीत असायचं.

हा दोरा जाणारा नव्हता. हा मी आणलेला होता. खुर्चीचा कॅनव्हास फाटला होता तेव्हा शिडाचं कापड शिवायचा पॉलिएस्टरचा दोरा मागवला होता, जाडसर, मेण लावलेला. पावसाने कुजत नाही, उन्हाने विरत नाही, हाताने तर तुटतच नाही. मी वैजयंतीला दोन्ही हातांनी ओढून दाखवलं होतं. खुर्ची शिवून झाल्यावर रीळ ड्रॉवरमध्ये गेलं. तो दोरा इथे कसा याचा विचार करत मी गुडघ्यांवर बसून होतो, आणि मग एकेक जून आठवत मागे गेलो. प्रत्येक जूनमध्ये मी खुर्चीत होतो, कप होता, माझा तोच विनोद होता. एकच जून असा होता की मी नव्हतो. वीस सालचा.

त्या जूनबद्दल मला काही विचारू नका, मला माहीत नाही. मला नळ्या लावून झोपवलं होतं आणि एक मशीन माझ्याऐवजी श्वास घेत होतं. त्या आठवड्यांच्या जागी माझ्याकडे नुसता एक पांढरा आवाज आहे. बाकी सगळं नंतर ऐकलेलं. कुणाला हॉस्पिटलात येऊ देत नव्हते. तनू मँचेस्टरमध्ये अडकलेली, वैजयंती या घरात एकटी. संध्याकाळी वॉर्डमधून फोन यायचा. ती तो बागेत उभी राहून घ्यायची, हे मला शेजारणीने सांगितलं, वैजयंतीने नाही. आमच्यात त्या दिवसांचं बोलणं फारसं झालंच नाही. मी घरी आलो, चाकांच्या फ्रेमला धरून, आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर खिडकीतून झाडाकडे बघून म्हटलं, "काय अवतार झालाय याचा." छाटणी नाही, काही नाही, साधू झाला होता अगदी. वैजयंती तेव्हा रडली. मला वाटलं, मी उभा राहिलो म्हणून रडतेय. पुढे वाकायला कितीतरी महिने लागले आणि तोवर खालचा पाला दाट झाला होता.

म्हणजे त्या पौर्णिमेला ती एकटी बाहेर आली आणि तिने हा दोरा गुंडाळला. मी तिथेच बसून खोडाला हात लावला. खोड गार होतं. मला तिचं फार, फार वाटलं. एवढ्या वर्षांत मी त्या बाईला हसत आलो, आणि मी हसायला नव्हतो तेव्हा तिने काय केलं ते हे इथे लिहून ठेवल्यासारखं दिसत होतं.

काय करायचं ते स्पष्ट होतं. पानं अन्न तयार करतात, ते सालीच्या आतून खाली मुळांना जातं, आणि इथे सालीचा गळा आवळलेला. मुळं उपाशी राहिली की झाड वरून वाळत येतं. दोरा कापला तर वाचेल. या हिवाळ्याआधी कापायला हवा, पुढच्या वर्षी काही उरणार नाही. मी सेकेटर काढलं, टोक वेढ्याखाली सरकवलं. आणि हात दाबेना. मी स्वतःला म्हटलं, अरे, तू इंजिनिअर आहेस. पुन्हा टोक सरकवलं. दोऱ्याने कुणी जगत नाही, दोरा कापून कुणी मरत नाही, हे मला पाढ्यासारखं पाठ आहे. पण माझ्या बायकोने जो माझ्या जिवासाठी बांधला तो मी माझ्याच हाताने कापायचा, हे त्या पाढ्यात बसेना. सेकेटरला तेल घालायला हवं असं ठरवून मी आत आलो. दुसऱ्या दिवशी भुरभुर पाऊस होता. मग वाटलं, ओल्या सालीला जखम नको. मग ऊन फार होतं. पूल धोक्याचा आहे असा रिपोर्ट टेबलावर ठेवून आठवडाभर त्यावरून गाड्या जाऊ देणाऱ्या माणसाला मी नोकरीवरून काढलं असतं.

रविवारी तनूचा व्हिडिओ कॉल आला. आईने फोन खिडकीकडे फिरवला तर तनू म्हणाली, "बाबा, तुमचा झाड मरतोय का? हाफ तर यलो झालाय." मी म्हटलं, पाणी जास्त झालं असेल. "सो, पाणी कमी द्या ना. इट्स नॉट रॉकेट सायन्स." मी वैजयंतीकडे बघितलं. ती गॅसकडे वळली होती आणि दूध उतू जात नसताना गॅस बारीक करत होती. "खत घाला म्हणावं," ती म्हणाली. तिला खतातलं काही कळत नाही, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. मी सीवीडचं खत घातलं. गळा आवळलेल्या माणसाला शिरा भरवावा तसं. पानं आणखी पिवळी झाली. एका सकाळी खुर्चीत बसलो तर पायाशी पानांचा सडा होता आणि त्यात या वसंतातली कोवळी पानं होती. चहा गोड लागेना.

त्या दिवशी ती स्वतःचाही कप घेऊन बाहेर आली. ती सहसा येत नाही, तिला बाहेर थंडी वाजते. माझं जुनं जॅकेट घातलं होतं तिने. दुसऱ्या खुर्चीत बसली, सड्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "वैजू, खोडात दोरा रुतलाय. खुर्चीचा."

"माहीत आहे," ती म्हणाली.

ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत होती.

"दोनेक वर्षं झाली मला दिसून. मी वरून सूत जरा जास्त गुंडाळायला लागले, तुम्हाला दिसू नये म्हणून. कात्री घेऊन आलेही होते. नाही झालं माझ्याच्याने."

"माझ्याच्यानेही नाही झालं."

तिने चमकून माझ्याकडे बघितलं. "तुमच्याच्याने?"

"सेकेटरला तेल घालतोय, आठवडा झाला."

ती हसली. आधी नाकातून, मग चांगली मोठ्याने, कप खाली ठेवून. मलाही हसू आलं. शेजारच्या कुंपणावरचं कबूतर उडालं. हसताहसता तिने जॅकेटच्या बाहीने डोळे पुसले.

मी विचारलं, "त्या वर्षी सूत नव्हतं का मिळालं? विमानं बंद होती म्हणून?"

"सूत होतं. कपाटात अख्खी गुंडी होती, मधुमतीने आणलेली." ती झाडाकडे बघत बोलत होती. "आदल्या संध्याकाळी फोन आला होता. तो डॉक्टर फार गोड बोलला, फार सावकाश बोलला, म्हणून मी घाबरले. सकाळी सूत हातात घेतलं आणि वाटलं, हे तर पावसात तुटतं. हे नको. तुम्ही तो दोरा ओढून दाखवला होता ना मला, तुटत नाही म्हणून." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "माझ्या हातात दुसरं काय होतं हो. मला दारापर्यंतसुद्धा येऊ देत नव्हते."

मी तिचा हात धरला. एवढ्या वर्षांच्या संसारात आम्ही बागेत असे हात धरून बसणारे नव्हेत, पण धरला. मग मला जे वाटत होतं ते मी बोलून टाकलं. "राहू दे तो. झाड गेलं तर जाऊ दे. दुसरं आणू."

तिने हात काढून घेतला. "दुसरं कशाला?" तिला राग आला होता, खरा राग. "अहो, तुम्हाला धरून ठेवलं त्याने. आणि आपण त्याचाच गळा आवळून बसलोय, आणि वर म्हणताय जाऊ दे. बरं दिसतं का हे?" ती उठली, आत गेली. ड्रॉवर उघडल्याचे, बंद केल्याचे आवाज आले. परत आली तेव्हा तिच्या हातात भरतकामाची बारीक टोकाची कात्री होती आणि भुवयांचा चिमटा. गादी तिने स्वतःच खोडाशी सरकवली, त्यावर बसली, पाला बाजूला केला. "खुर्ची इकडे ओढा. अजून. इथे, माझ्या डाव्या हाताशी. बसा."

मी बसलो. तिने माझी बाही वर केली आणि मनगट धरलं, आतल्या बाजूने, दोन बोटं टेकवून. जागा सापडेपर्यंत बोटं जरा इकडेतिकडे सरकली, मग थांबली. विनोद सुचत होता, पण तो मी गिळला. तिने चिमटा मांडीवर ठेवला, उजव्या हाताने कात्रीचं टोक सालीच्या फटीत घातलं, एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं आणि दाबलं. कट्ट असा अगदी बारीक आवाज झाला. दोऱ्याचं टोक खाचेतून वर उडालं. माझ्या मनगटावरची बोटं घट्ट झाली होती. वैजयंती श्वास रोखून बसली होती, मान खाली, आणि मीही. कोपऱ्यावरून ट्राम वळली, घंटा वाजवून पुढे गेली.

"चालू आहे," ती म्हणाली, आणि मनगट न सोडता पुढचा वेढा शोधायला लागली.